कोळशानंतरचे स्वालबार्ड : उत्तर ध्रुवीय प्रदेशातील आर्थिक विविधीकरणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

३० जून २०२५ रोजी स्वालबार्ड द्वीपसमूहातील 'खाण क्रमांक ७' मधील शेवटची पाळी संपली. तेथील नॉर्वेजियन कोळसा-खाणकामाचा शतकाहून अधिक काळ चाललेला इतिहास त्या दिवशी समाप्त झाला. मात्र खाण बंद झाली तरी वस्ती उठली नाही. ७८ अंश उत्तर अक्षांशावरील लाँगयरब्येन या गावात आजही सुमारे अडीच हजार लोक राहतात. पर्यटन, उच्च शिक्षण, ध्रुवीय संशोधन व उपग्रह-सेवा ही त्यांच्या उपजीविकेची साधने आहेत. याउलट, त्याच खाडीसमूहात सुमारे पन्नास किलोमीटर उत्तरेस असलेली पिरॅमिडेन ही वसाहत तेथील खाण १९९८ मध्ये बंद होताच काही महिन्यांत निर्मनुष्य झाली. दोन्ही ठिकाणचे हवामान, भूरचना आणि कोळसा यांत फारसा फरक नाही. मग एक वस्ती टिकली व दुसरी ओस पडली, याचे कारण काय असावे?

संसाधनावलंबी प्रदेशांच्या आर्थिक इतिहासात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कॅनडाचे आर्थिक इतिहासकार हॅरॉल्ड इनिस यांनी लोकरी कातड्यांच्या व्यापारावरील १९३० सालच्या ग्रंथात एक विचार मांडला होता. दूरच्या बाजारपेठेसाठी एखादाच कच्चा माल पुरविणाऱ्या प्रदेशाची वाहतूक, वसाहत आणि राज्यव्यवस्था त्या मालाभोवतीच घडत जाते, असा त्याचा आशय होता. असा माल संपला, अथवा त्याची मागणी ओसरली, की त्या प्रदेशापुढे अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहतो. यावर 'आर्थिक विविधीकरण' हा उपाय सर्वत्र सुचविला जातो. परंतु असे विविधीकरण प्रत्यक्षात कोण घडवून आणतो, त्याचा खर्च कोण उचलतो आणि त्यातून अवलंबित्व खरोखर संपते का, याची चर्चा त्या मानाने कमी होते. प्रस्तुत लेखात स्वालबार्डच्या उदाहरणावरून या तीन प्रश्नांचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१. स्वालबार्डच्या अर्थव्यवस्थेतील संसाधनावलंबनाचे ऐतिहासिक टप्पे स्पष्ट करणे.
२. नी-ऑलेसुंड, लाँगयरब्येन व पिरॅमिडेन या तीन खाण-वसाहतींच्या वाटचालीची तुलना करणे.
३. विविधीकरणातील राज्यसंस्थेची भूमिका व विविधीकरणाच्या मर्यादा तपासणे.

लेखासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मांडणी दुय्यम साधनांवर आधारित आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : देवमाशापासून कोळशापर्यंत

डच दर्यावर्दी विलेम बारेंट्स याच्या मोहिमेला १५९६ मध्ये या बेटांचा शोध लागला. येथे मूळ रहिवासी नव्हते, ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ग्रीनलंड, अलास्का अथवा उत्तर कॅनडा येथे संसाधनांच्या इतिहासाला स्थानिक समाजांच्या हक्कांचा संदर्भ असतो. स्वालबार्डमध्ये मात्र प्रत्येक माणूस बाहेरून आलेला होता आणि तो काहीतरी नेण्यासाठीच आलेला होता.

सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज व डच कंपन्यांनी येथे देवमाशांची शिकार सुरू केली. देवमाशाच्या चरबीचे तेल युरोपात दिव्यांसाठी व साबणासाठी वापरले जाई. ती चरबी कढविण्यासाठी डचांनी ॲम्स्टरडॅम बेटावर स्मेरेनबर्ग हे तळठाण उभारले. या नावाचा अर्थच 'चरबीचे गाव' असा होतो. किनाऱ्यालगतच्या खाड्यांतील देवमासे काही दशकांतच कमी झाले, शिकार खुल्या समुद्राकडे सरकली आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात हे तळठाण ओस पडले. पुढे रशियन पोमोर व नंतर नॉर्वेजियन शिकारी वॉलरस, कोल्हे, रेनडिअर आणि ध्रुवीय अस्वले यांच्या मागे आले. या शिकारीचा शेवट कायद्याने झाला. रेनडिअरला १९२५ मध्ये व ध्रुवीय अस्वलाला १९७३ मध्ये येथे संरक्षण मिळाले. एक संसाधन ओरबाडून संपवायचे आणि मग दुसऱ्याकडे वळायचे, असा हा क्रम होता. त्याला विविधीकरण म्हणता येणार नाही. फार तर त्यास क्रमिक उपसा म्हणता येईल.

कोळशाचा व्यापारी उपयोग १८९९ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी सोरेन झकारियासेन या नॉर्वेजियन नाखव्याने इसफ्योर्ड खाडीतून कोळसा काढून विक्रीसाठी नेला. १९०१ मध्ये जॉन मनरो लाँगयर हे अमेरिकन उद्योजक सहलीच्या निमित्ताने येथे आले. १९०६ मध्ये त्यांनी व त्यांच्या भागीदारांनी 'आर्क्टिक कोल कंपनी' स्थापन करून खाण-वसाहत वसविली. आजच्या लाँगयरब्येनचे नाव त्यांच्याच नावावरून आले आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, ही मालमत्ता 'स्टोरे नॉर्स्के' या नॉर्वेजियन कंपनीने विकत घेतली. त्याच वर्षी नी-ऑलेसुंड येथील खाणींसाठी 'किंग्ज बे' ही कंपनी स्थापन झाली.

स्वालबार्ड करार आणि वस्तीचे राजकारण

तोपर्यंत ही बेटे कोणत्याच राष्ट्राच्या मालकीची नव्हती. पॅरिस शांतता परिषदेच्या अनुषंगाने ९ फेब्रुवारी १९२० रोजी स्वालबार्ड करारावर सह्या झाल्या आणि १४ ऑगस्ट १९२५ पासून तो अंमलात आला. या करारातील तीन तरतुदी आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने मूलभूत आहेत. पहिली, बेटांवर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य करण्यात आले. दुसरी, करारात सहभागी सर्व देशांच्या नागरिकांना व कंपन्यांना खाणकाम, मासेमारी आदी व्यवसायांत समान हक्क देण्यात आले. तिसरी, येथे गोळा होणारा कर केवळ याच प्रदेशासाठी वापरावा, असे बंधन नॉर्वेवर घालण्यात आले. नाविक तळ व तटबंदी यांनाही मनाई करण्यात आली.

या व्यवस्थेचा परिणाम दूरगामी होता. कर तेथेच खर्च करायचा असल्यामुळे स्वालबार्ड हे नॉर्वेच्या तिजोरीसाठी उत्पन्नाचे साधन होऊ शकत नव्हते. शिवाय सोव्हिएत संघाने १९२७ मध्ये पिरॅमिडेन व १९३२ मध्ये बारेंट्सबर्ग येथील खाणी विकत घेतल्या होत्या. १९७०च्या दशकात बेटांवरील सोव्हिएत लोकसंख्या नॉर्वेजियन लोकसंख्येपेक्षा अधिक होती. अशा स्थितीत नॉर्वेजियन लोकांची वस्ती टिकविणे हे नॉर्वेच्या शासनाचे घोषित धोरण बनले. दोन्ही बाजूंसाठी कोळसा हे वस्ती राखण्याचे कारण होते आणि त्याच्या नफ्या-तोट्याला दुय्यम स्थान होते. कोळशाच्या या दुहेरी भूमिकेचा विचार केल्याशिवाय पुढील विविधीकरणाचा अर्थ लागत नाही.

नी-ऑलेसुंड : दुर्घटनेतून घडलेले परिवर्तन

तीन वसाहतींपैकी सर्वांत आधी बदल झाला तो नी-ऑलेसुंडमध्ये. येथील खाणींत वायूच्या स्फोटाचा धोका कायम असे. १९४८ व १९५३ मध्ये मोठ्या दुर्घटना घडल्या होत्या. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी झालेल्या स्फोटात २१ खाणकामगार मृत्युमुखी पडले. कंपनी सरकारी मालकीची असल्याने सुरक्षिततेतील त्रुटींची जबाबदारी थेट मंत्रिमंडळावर आली. ऑगस्ट १९६३ मध्ये नॉर्वेच्या संसदेत अविश्वासाचा ठराव मंजूर होऊन आयनार गेर्हार्डसेन यांचे सरकार कोसळले. त्यांच्या जागी आलेले योन ल्यूंग यांचे सरकार अवघे चार आठवडे टिकले. पण दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर पक्षाच्या हातून सत्ता जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. ध्रुवाजवळच्या एका लहानशा खाणीने राजधानीतील सरकार पाडले, ही घटना नॉर्वेच्या राजकीय इतिहासात 'किंग्ज बे प्रकरण' म्हणून ओळखली जाते.

खाण कायमची बंद झाली. तथापि घरे, धक्का, वीजघर व कंपनी शिल्लक होती. १९६७ मध्ये युरोपीय अवकाश-संशोधन संघटनेचे दूरमापन केंद्र येथे सुरू झाले. १९६८ मध्ये नॉर्वेजियन ध्रुवीय संस्थेने वर्षभर चालणारे संशोधन केंद्र उभारले. किंग्ज बे कंपनीने खाणकाम सोडून निवास, भोजन, वीज व वाहतूक पुरविणाऱ्या सेवा-कंपनीचे रूप घेतले. १९९०च्या दशकापासून जर्मनी, ब्रिटन, जपान, दक्षिण कोरिया, चीन आदी देशांची केंद्रे येथे आली. यांपैकी अनेकांची बिऱ्हाडे खाणकामगारांसाठी बांधलेल्या घरांतच आहेत. खाणीने निर्माण केलेल्या पायाभूत सुविधा नव्या व्यवसायाला आयत्या मिळाल्या, हे येथील परिवर्तनाचे वैशिष्ट्य होय.

भारताचा या प्रदेशाशी असलेला संबंध येथे नोंदविणे उचित ठरेल. ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून वसाहतकालीन भारताचे नाव १९२० च्या मूळ करारकर्त्यांत होते आणि स्वतंत्र भारतही या कराराचा सदस्य आहे. ऑगस्ट २००७ मध्ये पहिली भारतीय आर्क्टिक मोहीम नी-ऑलेसुंड येथे गेली. १ जुलै २००८ रोजी तेथे 'हिमाद्री' या भारतीय संशोधन केंद्राचे उद्घाटन झाले. त्याचे संचालन गोव्यातील वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. नी-ऑलेसुंडच्या आजच्या अर्थव्यवस्थेचा एक लहानसा भाग, या अर्थाने, गोव्यातून चालतो.

लाँगयरब्येन : कंपनीच्या गावापासून कुटुंबवस्तीपर्यंत

लाँगयरब्येनमधील बदल संथ गतीने व योजनापूर्वक झाला. विसाव्या शतकाचा बराचसा काळ हे गाव पूर्णपणे कंपनीचे होते. घरे, दुकान, खाणावळ, दवाखाना सर्व काही स्टोरे नॉर्स्केच्या मालकीचे असे. गावात कंपनीचे स्वतःचे चलन चाले आणि १९८०च्या सुमारापर्यंत त्याचा वापर होत असे. हिवाळ्यात समुद्र गोठला की बाहेरील जगाशी जहाजाने संपर्क राहत नसे. १९७५ मध्ये विमानतळ सुरू झाला आणि ही कोंडी फुटली. त्यानंतर लवकरच, १९७६ पर्यंत, राज्याने कंपनीचे जवळजवळ सर्व भाग विकत घेतले होते. गाव कंपनीच्या हातून राज्याच्या हाती आले, ते या मार्गाने.

१९८९ मध्ये कंपनीची पुनर्रचना होऊन नागरी सेवा व पर्यटन यांसाठी स्वतंत्र कंपन्या निर्माण करण्यात आल्या. १९९०-९१ मध्ये शासनाने स्वालबार्डमधील व्यवसायविषयक उपायांची श्वेतपत्रिका संसदेपुढे मांडली आणि कोळशाव्यतिरिक्त व्यवसायांना उत्तेजन देणे हे अधिकृत धोरण झाले. त्यानुसार पुढील टप्पे दिसून येतात.

शिक्षण : १९९३ मध्ये नॉर्वेच्या चार विद्यापीठांनी मिळून येथे विद्यापीठ केंद्र सुरू केले. भूशास्त्र, जीवशास्त्र, भूभौतिकी व ध्रुवीय तंत्रविद्या हे विषय, ज्यांचा अभ्यास प्रत्यक्ष हिमप्रदेशातच करता येतो, ते येथे शिकविले जातात. विद्यार्थ्यांपैकी बरेचसे परदेशी असतात.

उपग्रह-सेवा : ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहाच्या दररोजच्या प्रत्येक फेरीत त्याच्याशी संपर्क साधता येईल अशी स्थाने पृथ्वीवर मोजकीच आहेत. लाँगयरब्येनजवळचे पठार हे त्यांपैकी एक असून तेथे १९९७ पासून भू-केंद्र कार्यरत आहे. २००४ मध्ये मुख्य भूमीपर्यंत समुद्रतळाखालून टाकलेली प्रकाशतंतूची केबल कार्यान्वित झाली. ज्या दूरस्थतेमुळे कोळशाच्या वाहतुकीचा खर्च वाढत असे, तीच या व्यवसायात भांडवल ठरली.

बीजभांडार : नॉर्डिक देशांच्या जनुक-पेढीने १९८४ पासूनच एका बंद कोळसा-खाणीत बियाण्यांचे नमुने जपून ठेवले होते. याच अनुभवाच्या आधारे २६ फेब्रुवारी २००८ रोजी डोंगराच्या पोटात जागतिक बीजभांडार सुरू झाले. हैदराबादजवळील 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संस्थेने ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर यांसारख्या आपल्या परिचयाच्या पिकांचे वाण तेथे ठेवले आहेत. प्रत्यक्ष रोजगार फार थोडा असला तरी या भांडारामुळे गावाचे नाव जगभर पोहोचले.

पर्यटन : रोजगाराच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा नवा व्यवसाय ठरला. हिवाळ्यात हिमवाहने व कुत्र्यांच्या गाड्यांची सफर, तर उन्हाळ्यात जलपर्यटन असे त्याचे स्वरूप आहे.

२००२ मध्ये गावाला निवडून आलेली स्थानिक परिषद मिळाली आणि त्याच वर्षी स्वतंत्र पर्यावरण कायदा अंमलात आला. मात्र एक विसंगतीही नोंदवावी लागते. विविधीकरणाच्या याच काळात स्वेया नोर्ड ही नवी खाण सुरू झाली आणि २००७ मध्ये तिचे उत्पादन सुमारे ४० लाख टनांवर गेले. स्वालबार्डच्या नॉर्वेजियन खाणकामातील हा उच्चांक होता. म्हणजे नवे व्यवसाय आले म्हणून कोळसा मागे पडला, असे घडले नाही. कोळसा मागे पडला तो जागतिक बाजारातील दर कोसळल्यामुळे. फेब्रुवारी २०१४ मध्ये उद्घाटन झालेल्या लुंकेफ्येल खाणीत नियमित व्यापारी उत्पादन सुरूच होऊ शकले नाही आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये स्वेया व लुंकेफ्येल दोन्ही बंद करण्याचा निर्णय शासनाने घेतला. त्या वेळी गाव टिकून राहिले, कारण पर्याय पंचवीस वर्षे आधीच उभे केले गेले होते. कोळशाची भरभराट असतानाही ते जपले गेले, यातच या धोरणाचे यश आहे.

पिरॅमिडेन : पर्यायाविना समाप्ती

१९८०च्या दशकात पिरॅमिडेनमध्ये सुमारे एक हजार लोक राहत होते. जलतरण तलाव, सांस्कृतिक भवन, ग्रंथालय, गोठा व हरितगृह असलेली ही वसाहत नागरी सोयींच्या बाबतीत लाँगयरब्येनपेक्षा कमी नव्हती. परंतु ती सर्वस्वी मॉस्कोच्या अनुदानावर चालत होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर हा आधार खचला. २९ ऑगस्ट १९९६ रोजी खाणकामगार व त्यांच्या कुटुंबीयांना घेऊन येणारे विमान लाँगयरब्येनजवळ डोंगरावर कोसळून १४१ जण ठार झाले. दुसऱ्याच वर्षी बारेंट्सबर्गच्या खाणीतील स्फोटात २३ जणांचा मृत्यू झाला. ३१ मार्च १९९८ रोजी पिरॅमिडेनची खाण बंद करण्यात आली. पुढे काही वर्षांनी पर्यटकांसाठी तेथील उपाहारगृह व निवासगृह पुन्हा उघडले. पण पर्यटक जे पाहावयास जातात ते तेथील ओस घरे व लेनिनचा पुतळाच होय.

पिरॅमिडेनमध्ये सोयी होत्या, मनुष्यबळ होते, इमारती होत्या. नव्हती ती पर्याय उभारण्यास लागणारी उसंत आणि तिचा खर्च सोसण्याची राज्याची ऐपत. येथेच प्रस्तावनेतील प्रश्नाचे उत्तर मिळते.

विविधीकरणाच्या मर्यादा

लाँगयरब्येन टिकले, हे खरे. पण तेथील अवलंबित्व संपले असे म्हणता येईल का? याबाबत चार मुद्दे विचारात घ्यावे लागतात.

पहिला मुद्दा ऊर्जेचा. गावाचे वीजघर कोळशावर चालत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते बंद करून डिझेलवर वीजनिर्मिती सुरू झाली. स्थानिक कोळशाऐवजी जहाजाने आणलेले इंधन जाळणे हे पर्यावरणाच्या दृष्टीने पाऊल पुढे असले, तरी स्वावलंबनाच्या दृष्टीने तसे नाही.

दुसरा मुद्दा रोजगाराच्या स्वरूपाचा. करारामुळे येथे राहण्यास व्हिसा लागत नाही. साहजिकच थायलंड, फिलिपीन्स आदी देशांतून आलेले अनेक लोक हॉटेल व सफाई-सेवांत काम करतात. येथे नॉर्वेच्या मुख्य भूमीप्रमाणे सामाजिक सुरक्षा नाही. ज्याला स्वतःचा निर्वाह करता येत नाही, त्याने बेट सोडावे, अशी अपेक्षा असते. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पर्यटन थांबले तेव्हा या कामगारांची स्थिती इतकी बिकट झाली की शासनाला त्यांच्यासाठी तात्पुरती निर्वाह-मदत जाहीर करावी लागली. खाणकामगारामागे संघटना होती, कंपनीचे घर होते. पर्यटन-सेवकाला यांपैकी क्वचितच काही लाभते.

तिसरा मुद्दा निर्णयाधिकाराचा. २०२२ मध्ये नियमात बदल होऊन, मुख्य भूमीवर किमान तीन वर्षे वास्तव्य न केलेल्या परदेशी नागरिकांचा स्थानिक निवडणुकीतील मताधिकार काढून घेण्यात आला. गावातील एक तृतीयांशाहून अधिक रहिवासी परदेशी असल्याने या निर्णयाचे महत्त्व उघड आहे. अर्थव्यवस्था आंतरराष्ट्रीय झाली तशी राज्याला सार्वभौमत्वाची चिंता अधिक जाणवू लागली.

चौथा मुद्दा निसर्गाचा. हा प्रदेश जागतिक सरासरीच्या अनेक पट वेगाने तापत आहे. १९ डिसेंबर २०१५ रोजी लाँगयरब्येनमध्ये हिमलोट कोसळून दोघांचा मृत्यू झाला व अनेक घरे उद्ध्वस्त झाली. २०१६ मध्ये बीजभांडाराच्या प्रवेश-बोगद्यात वितळलेले पाणी शिरले. जे हिमाच्छादित निसर्गसौंदर्य पाहण्यासाठी पर्यटक येतात, तेही कोळशासारखेच संपणारे संसाधन असू शकते. १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित क्षेत्रांत प्रवासी उतरविणाऱ्या जहाजांवर जास्तीत जास्त २०० प्रवाशांची मर्यादा घालण्यात आली आहे. सतराव्या शतकातील देवमाशांच्या शिकारीवर असे बंधन कोणी घातले नव्हते, हा फरक लक्षणीय आहे.

निष्कर्ष

१. स्वालबार्डमधील विविधीकरण बाजारपेठेच्या ओघात आपोआप घडलेले नाही. वस्ती टिकविण्याच्या राजकीय हेतूने नॉर्वेच्या राज्यसंस्थेने ते दीर्घकाळ खर्च करून घडविले.

२. नव्या व्यवसायांनी खाणकामाच्या पायाभूत सुविधांचा वारसा घेतला. धक्के, घरे, वीजघर आणि बंद खाणीसुद्धा त्यांच्या उपयोगी पडल्या.

३. पर्याय यशस्वी झाले ते मुख्य संसाधन संपण्यापूर्वी उभारले गेल्यामुळे. नी-ऑलेसुंडला ही संधी २१ कामगारांच्या मृत्यूनंतर मिळाली आणि पिरॅमिडेनला ती मिळालीच नाही.

४. व्यवसायांची संख्या वाढली तरी निर्णयाचे केंद्र ऑस्लोतच राहिले. अवलंबित्व नाहीसे झाले नाही, तर कोळशाच्या दरावरून राज्याच्या अनुदानावर, आयात इंधनावर व पर्यटकांच्या येण्यावर स्थलांतरित झाले.

समारोप

एखाद्या संसाधनावलंबी प्रदेशाचे विविधीकरण मोजताना तेथे किती प्रकारचे व्यवसाय आले, एवढेच पाहणे पुरेसे नाही. त्या व्यवसायांचा खर्च कोण सोसतो, त्यांत राबणाऱ्यांना तेथे राहण्याचा व मत देण्याचा कितपत हक्क आहे आणि खर्च सोसणाऱ्याने हात आखडता घेतल्यास काय उरेल, हे प्रश्नही विचारले पाहिजेत. पिरॅमिडेनच्या रिकाम्या इमारती तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आजही उभ्या आहेत. लाँगयरब्येनला ते उत्तर आजवर टाळता आले आहे. पुढेही ते टळावे, यासाठी तेथील जीवन वस्ती राखण्याच्या गरजेपुरते न उरता तेथे राहणाऱ्यांच्या हिताचे होणे अगत्याचे आहे.